दुधाच्या धंद्यातील मावळलेली उमेद

शेतीला जोडून दुधाचा धंदा करणाऱ्या अनेक घरांत अलीकडे एक वाक्य वरचेवर ऐकू येते : "आता पुरे झाले. गुरांना बाजार दाखवावा आणि मोकळे व्हावे." हे वाक्य आळशी माणसाच्या तोंडचे नसते. ज्याने दहा-पंधरा वर्षे पहाटे उठून धारा काढल्या, भर पावसात डोक्यावरून वैरण आणली आणि वासरासाठी रात्री जागून काढल्या, अशाच माणसाच्या तोंडून ते निघते. म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

गाईने वैरण सोडली तर आपण तिला दोष देत नाही. अंगास हात लावून ताप पाहतो, ती रवंथ करते की नाही, शेण कसे टाकते, हे पाहतो आणि कारण सापडल्यावर उपचार करतो. मालकाचे मन धंद्यावरून उडाले, तर मात्र आपण त्यास उपदेश करू लागतो. "धीर धरा, कष्ट करा, फळ मिळेल," असे सांगून मोकळे होतो. जो आधीच कष्टांनी वाकला आहे, त्यास आणखी कष्ट करण्याचा सल्ला देऊन काय साधणार? येथेही आधी कारण शोधले पाहिजे.

वास्तविक पाहता, उमेद केवळ कष्टांमुळे मावळत नाही. कष्ट कशासाठी चालले आहेत हे दिसेनासे झाले आणि धंद्यातील लहानमोठे निर्णय आपल्या हातून सुटले, म्हणजे ती मावळते. असा मनुष्य नावाने मालक असतो, पण स्वतःच्याच गोठ्यात तो बिनपगारी गड्याप्रमाणे राबत असतो. त्यास पुन्हा मालक करणे, हाच या रोगावरील उपाय होय.

हा प्रश्न तातडीचा आहे, कारण गोठा रिकामा करण्यास एक आठवडी बाजार पुरतो. पण तो पुन्हा भरण्यास वर्षे लागतात. आज जन्मलेली कालवड दुधावर येण्यास सुमारे अडीच ते तीन वर्षे जातात. दोन-तीन पिढ्या निवडून, पारखून वाढविलेली घरची जनावरे एकदा गेली, की तशीच पुन्हा विकत मिळत नाहीत. म्हणून थकव्याच्या भरात हा निर्णय होऊ नये.

उमेद का मावळते?

गावोगावच्या उत्पादकांशी बोलताना चार कारणे प्रामुख्याने आढळून येतात.

पहिले कारण विश्रांतीचा अभाव. पिकाच्या शेतीत दोन हंगामांमध्ये थोडी उसंत मिळते. दुधाच्या धंद्यात ती नाही. दिवसातून दोन वेळा धार, म्हणजे वर्षाच्या ७३० धारा. त्यांतील एकही पुढे ढकलता येत नाही. घरी लग्न असो, दुखणे असो की मयत असो, वेळ झाली की कासंडी घेऊन गोठ्यात जावेच लागते.

दुसरे कारण हिशेबाचा अभाव. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल येते. त्यातून पेंडीचे पैसे कापले जातात आणि उरलेली रक्कम घरखर्चात जाते. वर्षाअखेर धंदा नफ्यात होता की तोट्यात, हे सांगता येत नाही. आपण पुढे चाललो आहोत की जागच्या जागी फिरतो आहोत, हेच ज्यास कळत नाही, त्याचे पाय लवकर थकतात.

तिसरे कारण भावाचा. दुधाचा भाव दुसरा ठरवितो, पेंडीचा भावही दुसराच ठरवितो आणि उत्पादकाने दोन्ही मुकाट्याने घ्यावयाचे. या दोन भावांच्या कात्रीत सापडलेल्या माणसास आपले कौशल्य व्यर्थ वाटू लागले, तर नवल नाही.

चौथे कारण नुकसानीचे दुःख. २०२२ साली लंपी चर्मरोगाने महाराष्ट्रातील अनेक गोठ्यांत गाई दगावल्या. चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत हा रोग पसरतो. ज्याची उत्तम गाय डोळ्यांदेखत गेली, त्याचे नुकसान केवळ पैशांचे नसते. गव्हाणीतील ती मोकळी जागा त्यास रोज दिसते. अशा घरी गेल्यावर कार्यकर्त्याने योजनांची माहिती देण्यापूर्वी दोन घटका ऐकून घ्यावे.

आधी तीन महिने नोंद, मग निर्णय

गुरे विकावयाची की ठेवावयाची, हा निर्णय तीन महिने पुढे ढकलावा आणि त्या काळात एक वही ठेवावी, अशी आमची प्रत्येक उत्पादकास आग्रहाची सूचना आहे. वही साधी असावी. प्रत्येक जनावरास एक पान द्यावे आणि त्यावर कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहावा. विण्याची तारीख, माजाची तारीख, रेतनाची तारीख, गाभण तपासणीचा निकाल आणि औषधोपचाराचा खर्च या पानावर नोंदावा. दर दहा दिवसांनी एकदा, सकाळ-संध्याकाळचे दूध त्या-त्या जनावराचे वेगळे मोजून लिहावे. पेंडीचा खर्च जनावरानुसार वाटून लिहावा.

हिशेब मांडताना स्वतःची फसवणूक करू नये. घरची वैरण फुकट धरू नये. ती बाजारभावाने खर्चात घ्यावी. घरच्या माणसांची मजुरीही चालू दराने लिहावी. उलट, शेणखत शेतात गेले म्हणून ते उत्पन्नातून वगळू नये. त्याची किंमतही जमेस धरावी. दुधाच्या खर्चात मोठा वाटा पशुखाद्य व वैरण यांचा असतो. म्हणून दूध न देता खाणारे जनावर कोणते, हे या वहीतून सर्वांत आधी उघडकीस येते.

यासंबंधी एक साधे गणित लक्षात घ्यावे. समजा, एका गोठ्यात पाच गाई आहेत व प्रत्येक गाय वेताला दहा महिने दूध देते. दोन वेतांतील अंतर तेरा महिने राहिले, तर कोणत्याही दिवशी पाचपैकी सरासरी जवळजवळ चार गाई दुधात असतात. हेच अंतर अठरा महिन्यांवर गेले, तर दुधात असलेल्या गाई तीनसुद्धा भरत नाहीत. खाणाऱ्या मात्र पाचही असतात! म्हणजे एका गाईचे दूध रोज बुडते आणि मालक दोष भावाला देत राहतो. भाव वाईट असेलही. पण हे दूध भावाने बुडविलेले नाही, ते चुकलेल्या माजाने बुडविलेले आहे.

माज ओळखणे हे त्यामुळे मालकाचे सर्वांत मोलाचे काम ठरते. पहाटे व सायंकाळी वीस-वीस मिनिटे जनावरांकडे स्वस्थपणे पाहावे. गाय हंबरणे, दुसऱ्या जनावरावर चढणे, चढू देणे आणि काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट टाकणे, ही लक्षणे सर्वांना ठाऊक आहेत. म्हशीत मुका माज अधिक आढळतो आणि तो बहुधा रात्री किंवा पहाटे दिसतो. सकाळी माज दिसल्यास त्याच सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी रेतन करून घ्यावे. एक माज हुकला, की एकवीस दिवसांची वैरण व्यर्थ गेली असे समजावे.

एक उदाहरण

२०२३ साली एका गावी चार गाई व दोन म्हशी असलेल्या एका उत्पादकाने सर्व जनावरे विकण्याचे निश्चित केले होते. वय चाळिशीचे. गोठा वडिलांपासून चालत आलेला. तालुक्याच्या गावी रखवालदाराची नोकरी मिळण्यासारखी होती आणि पगार ठरावीक होता. त्यांच्याशी बोलणे चालू असताना त्यांच्या पत्नी वैरण टाकून आल्या आणि उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "साहेब, गुरं विकायला माझी ना नाही. पण नऊ वर्षं हा गोठा मी सांभाळलाय. बाजाराला न्यायच्या आधी एक शब्द मला विचारावा की नाही?"

त्यावर घरात काही वेळ कोणी बोलले नाही. त्या घरात दोन्ही वेळच्या धारा त्या काढीत होत्या, आजारी जनावर प्रथम त्यांच्याच नजरेस पडत होते. परंतु बिल यजमानांच्या खात्यावर जमा होत होते आणि विक्रीचा निर्णयही त्यांनी एकट्यानेच घेतला होता. अखेर तीन महिने वही ठेवावी व ती बाईंनी लिहावी, असे ठरले. पशुधन पर्यवेक्षकांनी सर्व जनावरांची तपासणी केली.

तीन महिन्यांनंतर वहीने जे सांगितले, ते दोघांच्याही समजुतीपेक्षा वेगळे होते. घराचा अभिमान असलेली बांडी संकरित गाय विल्यानंतर दिवसाला अठरा लिटर दूध देत असे. पण विऊन एकोणीस महिने झाले तरी ती गाभण नव्हती आणि दूध चार लिटरवर आले होते. जिची कोणी वाखाणणी करीत नव्हते, ती लहानखुरी तांबडी गाय कधी दहा लिटरांच्या वर गेली नव्हती. परंतु दर तेरा महिन्यांनी नेमाने वीत होती. सर्व खर्च वजा जाता घराला खरा आधार तिचाच होता. दोन म्हशींपैकी एक दीर्घकाळ भाकड होती आणि सर्वांत वयस्क गाय औषधांवरच जगत होती.

यानंतर त्यांनी सहापैकी दोन जनावरे कमी केली. बांडीच्या गर्भाशयाच्या दाहावर उपचार झाले, तिला क्षार मिश्रण नियमित सुरू झाले आणि दुसऱ्या रेतनाला ती गाभण राहिली. गोठ्यात चार जनावरे उरली. उत्पन्नात चमत्कार झाला नाही. दुधाचे बिल जवळपास पूर्वीइतकेच राहिले. मात्र पेंडीची उधारी हळूहळू फिटली आणि पहाटेच्या कामातील एक तास वाचला. यजमानांनी नोकरी घेतली नाही. बिल आता दोघांच्या संयुक्त खात्यावर जमा होते.

या उदाहरणावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये, की वही ठेवली म्हणजे प्रत्येक गोठा टिकेल. वहीने या घरी एवढेच केले, की "धंद्यात काही राम नाही" या एका मोठ्या निराशेचे चार लहान प्रश्न करून दाखविले. त्यांतील दोन सुटण्यासारखे होते, दोन सोडून देण्यासारखे होते. मोठी निराशा मनुष्यास बसवून ठेवते. लहान प्रश्न त्यास हातपाय हलविण्यास लावतो.

कष्टांची फेरमांडणी

उमेद परत आणावयाची तर शरीरास विसावा मिळाला पाहिजे. सुदैवाने, गोठ्यातील बराच वेळ खाणाऱ्या कामांना आता चांगले पर्याय उपलब्ध आहेत.

मुक्त संचार गोठा हा त्यांतील पहिला. जनावरांना दिवसभर दावणीला बांधून ठेवण्याऐवजी कुंपण घातलेल्या जागेत मोकळे सोडावे. सावली, गव्हाण व पाण्याची टाकी तेथेच असावी. सोडणे-बांधणे, पाणी पाजणे व वारंवार शेण ओढणे या कामांतील मोठा वेळ यामुळे वाचतो. जनावर तहान लागेल तेव्हा पाणी पिते, मोकळे फिरल्याने त्याचे खूर चांगले राहतात आणि माजावरील जनावर चटकन ओळखू येते. यासाठी लोखंडी खांबांचा व पत्र्याचा मोठा मांडव उभारण्याची गरज नाही. झाडाची सावली आणि घरचे बांबू यांवरही सुरुवात करता येते. मारकी जनावरे मात्र वेगळी ठेवावीत.

दुसरा पर्याय मुरघासाचा. रोज विळा घेऊन शेतात जाणे, वैरण कापणे, भारा आणणे व कुट्टी करणे, या फेऱ्यांतच कित्येकांचा अर्धा दिवस जातो. मक्याचे कणीस चिकात असताना पीक एकदम कापावे, कडबाकुट्टीवर त्याचे अर्धा ते एक इंचाचे तुकडे करावेत आणि पिशवीत किंवा खड्ड्यात थरावर थर दाबून हवाबंद करावे. सुमारे पंचेचाळीस दिवसांत मुरघास तयार होतो. हवा आत राहिल्यास बुरशी येते. म्हणून दाबण्याच्या कामात कसूर करू नये व बुरशी आलेला भाग जनावरांना घालू नये. मुरघास नुसता न देता त्याबरोबर सुकी वैरणही द्यावी. चार दिवसांच्या कष्टांत दोन-चार महिन्यांची वैरण जमा झाली, म्हणजे रोजची धावपळ थांबते. एखाद्या दिवशी परगावी जाणेही मग शक्य होते.

तिसरा उपाय आपल्या खेड्यांस परंपरेने ठाऊक आहे. पेरणी-कापणीत आपण सावड करतो. तशीच धारेची सावड का करू नये? शेजारच्या दोन घरांनी ठरवून घ्यावे, की महिन्यातून दोन दिवस एकाने दुसऱ्याच्या गोठ्यातील धार काढावी. परक्या हाताला जनावर पान्हा चोरते, म्हणून प्रथम चार-पाच वेळा घरच्या माणसासोबत येऊन जनावरांची ओळख करून घ्यावी. कासदाह झालेल्या जनावराची धार सर्वांत शेवटी काढावी आणि दुसऱ्याच्या गोठ्यात जाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. पान्हा सुटल्यावर सात-आठ मिनिटांत धार पूर्ण करावी. त्यानंतर जनावर अर्धा तास बसू नये म्हणून पुढे थोडी वैरण टाकावी, कारण त्या वेळी सडांची तोंडे उघडी असतात. एवढी शिस्त पाळल्यास ही सावड निर्धोक चालते. महिन्याकाठी दोन मोकळ्या संध्याकाळी, हे ऐकण्यास किरकोळ वाटेल. ज्याने दहा वर्षांत एकही मोकळी संध्याकाळ पाहिली नाही, त्यास त्याचे मोल विचारावे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. मन उडाले म्हणून त्यावर उपाय म्हणून कर्ज काढून नवी गाय आणू नये. नव्या जनावराचा उत्साह काही आठवडे टिकतो. हप्ता मात्र वर्षानुवर्षे टिकतो. आहे त्या गोठ्याचा हिशेब लागल्यावरच वाढीचा विचार करावा.

भावाचा प्रश्न आणि एकीचे बळ

भाव आपल्या हाती नाही, ही तक्रार खरी आहे. तथापि, हीच तक्रार असलेल्या उत्पादकांनी पूर्वी काय केले, हे जाणून घेण्यासारखे आहे. गुजरातेतील खेडा जिल्ह्यातील शेतकरी १९४५-४६ च्या सुमारास अशाच स्थितीत होते. दूध मुंबईस जात होते, पण भाव मधले ठेकेदार ठरवीत. ४ जानेवारी १९४६ रोजी सामरखा या गावी सभा भरली आणि सहकारी संघ स्थापण्याचा निश्चय झाला. त्यानंतर पंधरा दिवस शेतकऱ्यांनी दूध विकले नाही. १४ डिसेंबर १९४६ रोजी संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे धुरीण होते. हाच संघ पुढे अमूल या नावाने देशभर ओळखला गेला.

त्या शेतकऱ्यांनीही एका अर्थी धंदा बंदच केला होता; पण तो सोडून देण्यासाठी नव्हे, तर आपल्या हाती घेण्यासाठी. पुढेही अडचणी संपल्या नाहीत. हिवाळ्यात दूध वाढे आणि त्याला गिऱ्हाईक नसे. म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याची रीत हरिचंद मेघा दलाया या तंत्रज्ञाने यशस्वी केली आणि १९५५ साली आणंद येथे भुकटीचा कारखाना सुरू झाला, तेव्हा त्यावर तोड निघाली. एक प्रश्न सोडविला की दुसरा उभा राहतो, हा प्रत्येक धंद्याचा क्रमच आहे. फरक एवढाच, की तो प्रश्न तेथे एकट्या-दुकट्याने अंगावर घेतला नाही.

प्रत्येक गावात नवा संघ उभा राहील असे नाही. परंतु दहा उत्पादक एकत्र येऊन पशुखाद्य व क्षार मिश्रण घाऊक भावाने आणू शकतात. संकलन केंद्रावर आपल्या दुधाची तपासणी स्वतः उभे राहून पाहू शकतात. गाईच्या दुधास साधारणपणे ३.५ टक्के फॅट व ८.५ टक्के एस.एन.एफ. प्रमाण धरून दर ठरतो. फॅट घसरली तर सुकी वैरण कमी पडते काय, हे पाहावे. एस.एन.एफ. घसरल्यास जनावर अर्धपोटी आहे काय, हे तपासावे. खुराकाचा साधा हिशेब असा : शरीरपोषणासाठी सुमारे दीड किलो, आणि त्याशिवाय गाईस दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम, तर म्हशीस ५०० ग्रॅम. यापेक्षा कमी दिल्यास दूध घटते. उगाच अधिक दिल्यास पैसा शेणात जातो.

शक्य असल्यास दुधाचा थोडा भाग थेट घरोघरी द्यावा. कोल्हापुरात गिऱ्हाइकासमोर म्हशी पिळून ताजे दूध देण्याची जुनी रीत प्रसिद्ध आहे. तेथे उत्पादकास गिऱ्हाईक दिसते व गिऱ्हाइकास म्हैस दिसते. आपल्या दुधावर कोणाचे मूल वाढते आहे, हे ज्यास ठाऊक असते, त्याचे धारेवरून मन सहसा उडत नाही. अर्थात दूध तापवूनच प्यावे, हे गिऱ्हाइकास सांगावे. आणि विक्रीसाठी अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे लागणारी नोंदणी करून घ्यावी.

कालवडीकडे लक्ष द्यावे

ज्या गोठ्यातील मालकाचे मन उडालेले असते, त्याची खूण बहुधा वासरांच्या कोपऱ्यात दिसते. दुभत्या जनावरास पेंड मिळते, कारण ते आज पैसे देते. कालवड मात्र उरल्यासुरल्या वैरणीवर वाढते, पोट सुटलेले आणि केस राठ. उद्याचा विचार थांबला आहे, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून उमेद जागविण्याचा आरंभ एका कालवडीपासून करावा, असे आम्ही सुचवितो. जन्मल्यापासून तास-दोन तासांच्या आत तिला चीक पाजावा. पहिल्या दिवशी वजनाच्या एक-दशांश इतका चीक दोन-तीन वेळा मिळून पोटात जावा. खरवसाचा विचार त्यानंतर करावा. नाळेस आयोडिन लावावे, जंतनाशक वेळेवर द्यावे आणि दर महिन्यास छातीचा घेर मोजून वाढ लिहून ठेवावी. संकरित कालवड नीट पोसल्यास पंधरा ते अठरा महिन्यांत सुमारे अडीचशे किलो वजनाची होऊन रेतनास येते आणि सव्वादोन ते अडीच वर्षांच्या वयात विते. दुर्लक्ष झालेली कालवड यासाठी तीन वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ घेते. या कामास रोख खर्च थोडा आहे आणि वाढ डोळ्यांना दिसते. घरातील मुलामुलींकडे ही मोजणी द्यावी. धंदा पुढच्या पिढीकडे जातो तो अशाच लहान कामांतून.

धंदा बंद करणेही कधी योग्य असते

सर्वांनीच गोठा चालू ठेवावा, असा आमचा आग्रह नाही. गुडघे थकले आहेत, घरात दुसरा माणूस नाही, पाण्याची सोय नाही आणि तीन महिन्यांची वहीही तोटाच दाखविते, अशा स्थितीत धंदा थांबविणे हा शहाणपणाचा निर्णय होय. त्यात कमीपणा नाही. मात्र तोही मालकाप्रमाणे घ्यावा. भाकड जनावरे कवडीमोलाने काढण्याऐवजी ती गाभण करून, तपासणीचा दाखला व वहीतील नोंदी यांसह विकावीत. नोंदी असलेल्या जनावरास जाणते गिऱ्हाईक चांगली किंमत देते. आजार लपवून विकू नये. ओळखीच्या, जपणाऱ्या घरी दिल्यास मनाची रुखरुखही कमी होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी अशा घरी जाताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिल्या भेटीत सल्ला देऊ नये. गोठा पाहावा व ऐकून घ्यावे. जी व्यक्ती प्रत्यक्ष धार काढते, तिच्याशी बोलल्याशिवाय परत येऊ नये. बहुतेक घरांत ती गृहिणी असते. दुसऱ्या भेटीत वही सोबत न्यावी आणि पहिले पान तेथेच बसून लिहवून घ्यावे. पशुधन पर्यवेक्षकांस किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस बरोबर घेऊन सर्व जनावरांची गाभण तपासणी एकाच दिवशी करवावी. शेजारी सावडीस तयार होतील अशी दोन घरे हेरून ठेवावीत. यशस्वी गोठ्यांची सहल काढावयाची असल्यास शंभर गाईंचा गोठा दाखवू नये. त्याने निराशा वाढते. चार-पाच जनावरांवर नीट संसार करणाऱ्या घरी न्यावे.

आणि तीन महिन्यांनी हिशेब मांडण्याच्या दिवशी अवश्य हजर राहावे. त्या दिवशी गुरे ठेवावयाची ठरोत की विकावयाची ठरोत, तो निर्णय त्या कुटुंबाचा असावा, आपला नव्हे. आपले काम एवढेच, की निर्णय घेताना घरातील कोणीही दाराबाहेर उभे राहू नये आणि वही सर्वांसमोर उघडी असावी.

उत्पादक बंधुभगिनींनो, येत्या आठवडी बाजारास जाताना दावे सोडण्यापूर्वी एक वही विकत आणा. पहिल्या पानावर आपल्या गोठ्यातील सर्वांत दुर्लक्षित जनावराचा क्रमांक लिहा, आणि त्याच सायंकाळी त्याचे दूध वेगळे मोजा.